गुडघे टेकावेत की पंक्तीला बसावे? : प्युरिटनांचा उपासनेचा वाद

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात त्यांनी एक सिद्धान्त मांडला आहे. राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक व सामाजिक क्रांती व्हावी लागते, हा तो सिद्धान्त. त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी बुद्ध, महंमद पैगंबर, महाराष्ट्रातील संत, नानक यांच्याबरोबर इंग्लंडातील प्युरिटनांचाही दाखला दिला आहे. इंग्लंडातले राजकीय स्वातंत्र्य आणि अमेरिकेचा पाया या दोन्हींच्या मुळाशी ही धार्मिक चळवळ होती, असे ते सांगतात. हे पुस्तक आपण पुष्कळदा वाचतो. पण प्युरिटन म्हणजे कोण आणि ते नेमके कशासाठी भांडले, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो करण्यासारखा आहे. कारण भांडण वरवर पाहता झगा, अंगठी आणि गुडघे यांचे होते.

प्रथम नावाविषयी. ‘प्युरिटन’ या शब्दात शुद्धतेची कल्पना आहे, आणि शुद्धता म्हटली की आपल्या अंगावर काटा येतो. पण प्युरिटनांची शुद्धी सोवळ्याओवळ्याची नव्हे. कोणाला शिवू नये, हे त्यांना ठरवायचे नव्हते. उपासनेतून काय काढून टाकावे, हे ठरवायचे होते. शिवाय हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. १५६० नंतरच्या दशकात विरोधकांनी ते टवाळी म्हणून त्यांना चिकटवले.

आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपची सत्ता झुगारली आणि तो स्वतः इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. धर्मसत्ता रोमहून लंडनला आली, एवढेच प्रथम घडले. पुढे सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४९ साली, इंग्रजी भाषेतील सार्वजनिक प्रार्थनेचे पुस्तक आले. लॅटिन गेली, लोकांना कळणारी भाषा आली; ही मोठीच गोष्ट होती. मेरी राणीच्या कारकिर्दीत चक्र उलटे फिरले, सुमारे तीनशे माणसे जिवंत जाळली गेली आणि अनेक सुधारक जिनिव्हा, झुरिक, फ्रँकफर्ट येथे पळाले. १५५८ साली एलिझाबेथ गादीवर आली, तेव्हा ते परतले. त्यांनी बाहेर साधी, पुरोहिती थाट नसलेली उपासना पाहिली होती. इकडे मात्र १५५९ च्या कायद्याने प्रार्थनेचे पुस्तक पुन्हा लागू झाले आणि त्याबरोबर जुने विधी व जुना पोशाखही राहिला.

परतलेल्यांचे आक्षेप मोजके होते. पाद्र्याने उपासनेच्या वेळी पांढरा झगा घालू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करू नये. लग्नात अंगठीचा विधी नको. आणि प्रभुभोजनाची भाकर गुडघे टेकून घेऊ नये. १५६३ साली धर्मसभेत अशा काही सुधारणांचा ठराव आला, तो ५८ विरुद्ध ५९, म्हणजे अवघ्या एका मताने पडला.

वाचक विचारील, एवढ्याशा गोष्टींसाठी एवढा गदारोळ का? सरकारी पक्षही हेच विचारत होता. त्याचे म्हणणे असे : झगा हा पापही नाही आणि पुण्यही नाही. बायबलने त्याची आज्ञा दिली नाही, मनाईही केली नाही. अशा मधल्या गोष्टी ठरवण्याचा अधिकार राजाचा आहे. म्हणून मुकाट्याने पाळा. यावर प्युरिटनांचा प्रतिप्रश्न बिनतोड होता : जर झगा इतका क्षुल्लक आहे, तर तो न घातल्याबद्दल माणसाची उपजीविका का काढून घेता?

या प्रश्नातच वादाचे मर्म आहे. विधी कधीच नुसता विधी नसतो. झगा घातला की पाद्री सामान्य माणसांपेक्षा वेगळ्या जातीचा, देवाशी मध्यस्थी करणारा पुरोहित ठरतो, अशी समजूत लोकांच्या मनात शतकानुशतके रुजली होती. पुस्तकातून ती काढली तरी झगा ती परत आणत होता. गुडघ्यांचेही तसेच. येशूने शिष्यांबरोबर जेवण घेतले ते पंक्तीला बसून, असे प्युरिटन म्हणत. जेवणाला माणूस बसतो. गुडघे टेकतो तो धन्यापुढे किंवा मूर्तीपुढे. सोबत बसून जेवणे म्हणजे काय आणि कोणाला पंक्तीला घ्यायचे नसते तेव्हा काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मार्च १५६६ मध्ये लंडनच्या पाद्र्यांना लँबेथ येथे बोलावण्यात आले. नियमाच्या पूर्ण पोशाखात एका पाद्र्याला नमुना म्हणून समोर उभे केले आणि होय की नाही तेवढे लिहून द्या, असे फर्मावण्यात आले. ३७ जणांनी नकार लिहिला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १५७२ साली जॉन फील्ड आणि थॉमस विल्कॉक्स यांनी पार्लमेंटला उद्देशून पत्रक छापले आणि ते तुरुंगात गेले. मग थॉमस कार्टराइट आणि जॉन व्हिटगिफ्ट यांच्यात लेखी वाद झडला. शास्त्राने सांगितले नाही ते उपासनेत आणू नये, ही कार्टराइटची बाजू. शास्त्राने मना केले नाही ते सत्तेला ठरवता येते, ही व्हिटगिफ्टची. पुढे रिचर्ड हूकरने सत्तेच्या बाजूला बुद्धी, परंपरा व समाजव्यवस्था यांचा तात्त्विक आधार दिला. प्युरिटनांच्या बाजूची मर्यादाही येथेच दिसते : त्यांनी पुरोहिताचा शब्द नाकारला, पण ग्रंथाचा शब्द तपासायचे नाकारले.

सत्तेला खरी भीती कशाची होती, हे ग्रिंडल प्रकरणात उघड झाले. पाद्री एकत्र जमून बायबलचा अर्थ लावीत आणि सामान्य माणसे ते ऐकायला येत. १५७६ साली एलिझाबेथने या सभा बंद करायला सांगितले. एका परगण्याला तीनचार प्रवचनकार पुरेत, असे तिचे मत होते. कँटरबरीचा आर्चबिशप ग्रिंडल याने नकार दिला. त्याचे अधिकार काढून घेण्यात आले, ते १५८३ साली तो मरेपर्यंत पूर्णपणे परत मिळाले नाहीत. लोकांनी विधी पाहावेत, अर्थ विचारू नये, हीच सर्व पुरोहितशाहीची इच्छा असते.

१६०३ साली पहिला जेम्स आला, तेव्हा क्रूसाची खूण, झगा, अंगठी या जुन्याच तक्रारींचा अर्ज त्याला सादर झाला. १६०४ च्या हॅम्पटन कोर्ट परिषदेत त्याने तो जवळजवळ फेटाळला. बिशप गेले तर राजाही जाईल, हे त्याने बरोबर ओळखले होते. १६३३ साली आर्चबिशप झालेल्या लॉडने तर प्रभुभोजनाचे मेज पूर्वेच्या भिंतीशी नेऊन त्याभोवती कठडा घातला. कारण सांगितले गेले त्यात कुत्री आत येतात, हेही एक होते. लोकांनी कठड्याशी येऊन गुडघे टेकायचे. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत आणि माणसाला मज्जाव होता, तशी अस्पृश्यता ही नव्हे. हा फरक विसरू नये. पण जेवणाचे मेज कठड्याआड गेले की जेवणारा याचक होतो, हे इंग्लंडच्या सामान्य माणसाला कळले. १६३७ साली लॉडविरुद्ध लिहिणाऱ्या एका वकिलाचे, एका वैद्याचे आणि एका पाद्र्याचे कान कापण्यात आले. त्याच वर्षी एडिंबरोत नवे प्रार्थनापुस्तक वाचायला घेताच देवळात दंगल उसळली, आणि तिच्यातून युद्ध पेटले. १६४० साली स्कॉटलंडकडे निघालेल्या इंग्रज सैनिकांनी वाटेत हे कठडे उखडून जाळले. १६४५ साली लॉडचा आणि १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. झग्यापासून सुरू झालेला वाद सिंहासनापर्यंत गेला. बाबासाहेबांचा सिद्धान्त येथे पटतो.

पण गोष्ट येथे संपवली तर ती अर्धी राहील. सत्ता हाती येताच प्युरिटनांनी १६४७ साली नाताळचा सण बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. ज्यांनी विवेकबुद्धीसाठी देश सोडला, त्यांनीच १६३५ साली रॉजर विल्यम्सला हद्दपार केले आणि १६६० साली मेरी डायर या क्वेकर स्त्रीला बॉस्टनमध्ये फाशी दिले. त्यांच्या साध्या सभागृहांत मूर्ती नव्हती, कठडा नव्हता. पण बसायच्या जागा प्रतिष्ठेप्रमाणे ठरत. १६३७ च्या युद्धात पकडलेल्या पीकॉट आदिवासींना गुलाम म्हणून विकले गेले. आणि १६४९ साली जेरार्ड विन्स्टनली व त्याचे सोबती सरे परगण्यात पडीक जमीन सर्वांची म्हणून खणू लागले, तेव्हा वर्षभरात त्यांना हुसकावून लावण्यात आले. विधी गेला, जमीन होती तिथेच राहिली.

या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंत आलेला आहे. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशन हे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांच्या वारसांचे. अहमदनगरमधल्या त्याच मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली. परंतु फुल्यांनी पंथ घेतला नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लावली. ५६ सालच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले, ब्राह्मणाकडून कोणताही विधी न करण्याचे ठरले. हे मधल्या, क्षुल्लक गोष्टींचे भांडण नव्हते, हे प्युरिटनांचा इतिहास वाचला की अधिक स्पष्ट होते.

त्या इतिहासाचा दुसरा अर्धा भागही आपलाच आहे. जुना विधी टाकल्यावर नवा येतोच : मेणबत्ती, पांढरी साडी, वंदना. त्यात वाईट काही नाही. मात्र वंदनेच्या वेळी पुढे कोण बसतो आणि मागे कोण, बोलायला कोणाला मिळते, आणि अर्थ विचारणाऱ्याला गप्प केले जाते की नाही, हे अधूनमधून तपासले पाहिजे. कठडा लाकडाचाच असतो असे नाही.