डॅनियलचे वेरूळ, पण कोणाच्या हातचे?

कंपनी काळातील निसर्गदृश्ये आणि वास्तुचित्रे हाताने रंगवून देणाऱ्या चित्रकारांना आजही काम मिळते. हॉटेलांची दालने, वकिलांच्या कचेऱ्या, नव्या बंगल्यांचे दिवाणखाने अशा ठिकाणी थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी टिपलेले घाट, देवळे आणि लेणी कॅनव्हासवर तैलरंगात दिसतात. मी कलाशाळेत शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून जमेल तसा या चित्रांचा माग काढत आलो आणि माझी त्यांच्याशी ओळख अशा नकलांमधूनच झाली. त्यामुळे नकलांना मी नाक मुरडत नाही. मला खटकते ते त्यांच्याखाली लिहिलेले एकच नाव.

डॅनियल 1786 मध्ये हिंदुस्थानात आले आणि सात-आठ वर्षे देशभर फिरले. अंधाऱ्या पेटीत भिंगातून समोरचे दृश्य कागदावर पाडणारे कॅमेरा ऑब्स्क्युरा हे उपकरण ते वापरत. इंग्लंडला परतल्यावर 1795 ते 1808 या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ ही 144 चित्रांची माला प्रसिद्ध केली. आज ज्यांच्या नकला होतात ती बहुतेक चित्रे याच मालेतली आहेत.

ही चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवतात, म्हणजे पूड चिकटते. मग पत्रा आम्लात ठेवला की राळेच्या कणांमधली उघडी जागा आम्ल खाते. जो भाग पांढरा ठेवायचा, त्यावर आधीच रोगण फासतात. पत्रा जितका जास्त वेळ आम्लात, तितकी छटा गडद. शाई भरून कागद दाबला की जलरंगाच्या हातासारखी दाणेदार छटा उमटते. एक-दोन रंगांच्या शाईत छापलेल्या त्या कागदावर पुढे रंगारी हाताने जलरंग भरत. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ डॅनियल’ म्हणतो, तीही हाताने रंगवलेली प्रतिकृतीच असते. एकाच चित्राच्या दोन प्रतींमधले आकाश तंतोतंत सारखे सापडणे कठीण. त्यात जलरंगातली नीळ उजेडाने उडते. ज्या प्रतीचे आकाश फिकटले आहे, तिच्या छायाचित्रावरून आजचा चित्रकार तो फिकटपणाही इमानाने रंगवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते, त्या काळी दख्खनचे आकाश असेच होते.

रंगांपेक्षा मोठा प्रश्न रेषेचा आहे. घारापुरीच्या लेण्यात डॅनियल स्वतः उभे होते. वेरूळला मात्र ते गेलेच नाहीत. 1803 मध्ये निघालेला त्यांचा वेरूळचा 24 चित्रांचा संच जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेला आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठावर तसे छापलेलेही आहे. वेल्स 1791 मध्ये मुंबईला आला, पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने काम केले आणि 1795 मध्ये तो वारला. अपुरे राहिलेले काम पुढे डॅनियलकडे गेले. वेल्सच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. त्याने मॅलेटसाठी वेरूळची चित्रे काढली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. संचाच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे, गंगारामचे नाही. आजच्या नकलेखाली तर वेल्सही उरत नाही.

याचा परिणाम इतिहासावर होतो. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तह करतो आहे, हे थॉमस डॅनियलचे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. शनिवारवाड्याचा आतला भाग 1828 च्या आगीत जळाला, म्हणून दरबार कसा होता हे सांगताना अनेक जण या चित्राकडे बोट दाखवतात. पण तह 1790 चा, वेल्स आला 1791 मध्ये आणि चित्र पुरे झाले 1805 मध्ये, इंग्लंडात, वेल्सच्या रेखाटनांवरून. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना वेल्सने पुण्यात प्रत्यक्ष पाहून चितारले होते, त्यामुळे चेहऱ्यांवर भरवसा ठेवायला जागा आहे. त्या दिवशी कोण कुठे बसले होते, याची साक्ष मात्र हे चित्र देऊ शकत नाही.

नक्कल करताना आणखी काय घडते, हे मी एका चित्रकाराच्या शेजारी बसून पाहिले आहे. मोबाइलच्या पडद्यावर कैलास लेण्यातल्या एका खांबाचा पायथा काळा दिसत होता. त्याने तिथे सुबक वेलबुट्टी काढली. मी विचारले, तर म्हणाला, “रिकामं बरं दिसत नाही, साहेब.” त्याच्या जागी त्याचे बरोबरच होते. गिऱ्हाइकाला शोभा हवी असते. पण उद्या त्याच कॅनव्हासचा फोटो कोणी पुस्तकात छापला, तर वेरूळच्या खांबाला नवी नक्षी मिळेल.

उपाय सोपा आहे, खर्चही नाही. कॅनव्हासच्या पाठीवर चार गोष्टी लिहाव्यात: जागेवर रेखाटन कोणाचे, छाप कोणाची आणि कोणत्या वर्षीची, नक्कल कोणत्या प्रतीवरून आणि कोणी केली, नकलेत काय बदलले. नकलकाराचे नावही त्यात आलेच पाहिजे, कारण गंगारामसारखेच तेही बहुधा गळते. तुमच्या घरी असे चित्र असेल, तर पुढच्या साफसफाईत ते उतरवाल तेव्हा पाठीमागे पाहा. पाठ कोरी असेल, तर चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने जेवढे ठाऊक आहे तेवढे लिहून ठेवा.