पास आऊट झालेला भाचा

इंग्रजी क्रियापदांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या शेपटांशी. 'पास' हा शब्द तसा घरचाच. लॅटिनमधल्या 'पाऊल' अर्थाच्या शब्दापासून निघून, फ्रेंचांच्या ओसरीवर मुक्काम करून तो इंग्रजीत शिरला. आपल्याकडे आल्यावर त्याला फार्सीचा 'ना' जोडून आपण 'नापास' करून टाकले! पण त्याला 'आऊट'चे शेपूट फुटले, की हे पाऊल कुठे पडेल याचा नेम नाही.

माझा भाचा गेल्या वर्षी इंजिनियर झाला. डोक्यावर बँकेचे शिक्षणकर्ज, हाताला काम नाही. इंग्लंडातल्या एका कंपनीसाठी त्याने अर्ज लिहिला आणि मी इंग्रजीचा जुना मास्तर म्हणून नजरेखालून घालायला आणला. पहिलेच वाक्य : 'आय पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज इन जून.'

"बाबा रे," मी म्हटले, "साहेब विचारील, मग शुद्धीवर कधी आलास?"

"मामा, तुमचं काहीतरीच! नोकरीच्या जाहिरातींतसुद्धा 'पासआऊट' असंच छापतात."

छापतात हे खरे. पण नेहमीच्या इंग्रजीत माणूस 'पास आऊट' होतो म्हणजे त्याला घेरी येते, त्याची शुद्ध हरपते. दिवा 'आऊट' होतो तसा माणूसही विझतो, असे समजा. त्यात भाच्याचा 'फ्रॉम' घातक! 'पास्ड आऊट फ्रॉम द हीट' म्हणजे उन्हाने घेरी आली. मग कॉलेजने काय आणली?

तिसरा अर्थ वाटण्याचा. तो ओळखायला सोपा, कारण त्याला कर्म लागते, आणि ते मध्येही बसते. निकालाच्या दिवशी पेढे 'पास आऊट' करता येतात. 'पास'नंतर पेढे ठेवून 'आऊट' शेवटी टाकला तरी चालते. घेरीला मात्र कर्म नाही.

मग भाच्याचे चुकले का? तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सैनिकी शिक्षण संपवून बाहेर पडणे याला खुद्द इंग्रजही 'पासिंग आऊट' म्हणतात. सँडहर्स्टला म्हणतात, आपल्या खडकवासल्यालाही म्हणतात. ३० मे २०२५ रोजी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, सतराजणी, याच नावाच्या संचलनात ताठ मानेने चालत बाहेर पडली. घेरी कुणालाही आली नाही! हाच अर्थ आपण कॉलेजांना लावला, आणि तो आता कोट्यवधींच्या तोंडी आहे. नागपूरच्या कंपनीला लिहायचे तर खुशाल लिहावे. पण पत्र वाचणारा लंडनचा असेल तर 'ग्रॅज्युएटेड' बरे. भाच्याने कुरकुरत खोडले आणि लिहिले. उत्तराची वाट पाहणे चालू आहे.

इंग्रजांना हसण्यापूर्वी आपलेही घर पाहावे. बोलून टाकले, बोलून घेतले, बोलून दाखवले, बोलून बसला : यांतला फरक एखाद्या जर्मन माणसाला समजावून पाहा. 'बोलून बसला' ऐकून तो बिचारा खुर्ची शोधील.

आणि हो, 'आऊट'च्या जागी चुकून 'अवे' पडू देऊ नका. 'पास्ड अवे इन जून' असा अर्ज गेला, तर कंपनीकडून सांत्वनाचे पत्र येईल.