वीस मिनिटांचा विश्वास

पावसाळा लागला की आमच्या खर्डीकडे भाताच्या आवणीबरोबर सापांचेही दिवस येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. आणि साप चावला की पहिली धाव कुठे, दवाखान्यात की भगताकडे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. शहरातले मित्र म्हणतात, ‘अडाणीपणा, दुसरं काय!’ बी.ए. होऊन गावी आलो तेव्हा मीही असंच म्हणायचो. आता म्हणत नाही.

यामागचं गणित जरा समजून घेऊ या. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी तो अंगात विष सोडतोच असं नाही. म्हणजे भगताकडे गेलेले पुष्कळसे लोक तसेही बरे होणारच असतात. उरलेले, ज्यांच्या अंगात खरंच विष भिनलंय, ते उशिरा दवाखान्यात पोचतात आणि त्यातले काही तिथे दगावतात. यश भगताच्या खात्यावर जमा, मरण दवाखान्याच्या. वाडीतला माणूस डोळ्यांनी पाहतो ते हेच. त्याला वेडा कसं म्हणावं?

काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री आमच्या जवळच्या ठाकूरवाडीतला म्हातारा दारात आला. ‘चाचा, पोराला पान लागलं. गाडी बघा.’ चावून तीन तास झाले होते. पोराचा पाय सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. जीपमध्ये मी रागाने विचारलं, ‘आधी का नाही आलात?’ म्हातारा म्हणाला, ‘भगत आमाला बसा म्हनतो, चाचा. तिथं कोन बसा म्हनत नाय.’ मग हळूच सांगितलं, की आधी त्याची मुलगी अशीच गेली होती. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. का हलवतात, कुणी सांगितलं नाही. वाटेतच तिने डोळे मिटले.

त्या रात्री सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोराचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि म्हाताऱ्याला जवळ बोलावलं. ‘बाबा, बसा. ही नळी वीस मिनिटं हलवायची नाही. रक्त गोठलं तर बरं. पातळच राहिलं तर विषाने रक्ताची गोठायची ताकद घालवली, असं समजायचं.’ वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हाताऱ्याने ते स्वतः पाहिलं.

मग डॉक्टर म्हणाले, ‘आता विषावरचं औषध सलाईनमधून देतो. हे घोड्याच्या रक्तापासून बनवतात. काही जणांना ते सोसत नाही. थंडी वाजेल, अंगावर गांधी उठतील. घाबरू नका, त्यावरचं इंजेक्शन इथे भरून ठेवलंय.’

तसंच झालं. पोरगा थडथडू लागला. म्हातारा ताडकन उठला. मला वाटलं, आता हा पोराला उचलून नेणार. पण तो थांबला आणि मला म्हणाला, ‘सांगितलं व्हतं त्यांनी.’ आणि परत बसला. सहा तासांनी पुन्हा नळी भरली. या वेळी रक्त गोठलं.

औषध तेच होतं. ते पोराच्या अंगात पुरतं जाऊ शकलं, ते मात्र आधी बोललेल्या त्या दोन वाक्यांमुळे.

ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा दवाखान्यात नेतात ते मारायलाच, अशी आवई उठली. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनीही आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतली, तेव्हा कुठे लोक पुढे आले. हाफकिन यांच्याच नावाच्या परळच्या संस्थेने पुढे सर्पविषावरचं औषधही बनवलं. लस बाटलीत भरता येते, विश्वास भरता येत नाही. तो माणसानेच माणसाला द्यावा लागतो.

डॉक्टरांच्याही अडचणी आहेत. एकटा माणूस, रात्रपाळी, बाहेर नातेवाइकांची गर्दी आणि मारहाणीची भीती. भीती दोन्हीकडे आहे. पण दवाखाना ज्याच्या ओळखीचा, पहिलं वाक्य त्याने बोलायला हवं. ‘बसा’ म्हणायला औषधसाठा लागत नाही. पुढे पाठवायचं असेल तर का, कुठे आणि तिथे काय होणार, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

आणि आपण? साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. हातपाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यावं. मण्यार चावल्याचं तर कधी कधी दुखतही नाही, म्हणून वाट पाहू नये.

तो म्हातारा आता वाडीत कुणाला पान लागलं की स्वतः सोबत जातो. नळी भरली की तोच बाकीच्यांना सांगतो, ‘बसा. ईस मिन्टं लागत्यात.’