नाटक मोबाईलवर दिसते, मग तिकीट कायले काढायचे? झाडीपट्टीच्या एका रात्रीचा हिशेब

भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडईला सुरुवात होते. आज या गावची, उद्या त्या गावची. बांधीत धानाचे पुंजणे लागलेले असतात, घरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाटकांची पोस्टर पडायला लागतात. पोस्टरवर हिरोचा रडका चेहरा, कोपऱ्यात हसणारा विनोदी नट, खाली गावाचे नाव, तारीख आणि तिकिटाचा दर. गेल्या वर्षी आमच्या गावाच्या पोस्टरखाली एका पोराने लिहिले होते, "कोणी लाईव्ह करा बे, तिकीट वाचते."

सगळे हसले. मीही हसण्याचा इमोजी टाकला. पुढे लाईव्ह मीच केले, आणि त्याचा फटका माझ्या मामाच्या गावाला बसला. तो किस्सा पुढे येतोच. त्याआधी एका नाटकामागे गावाचा किती पैसा आणि किती जीव अडकलेला असतो, ते सांगते. मी नागपूरला शिकते, घर गडचिरोली जिल्ह्यात. लहानपणापासून नाटक पाहत आले, पण त्याचा हिशेब मलाही गेल्याच वर्षी कळला.

आधी थोडी ओळख, कारण हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणींना हे काहीच माहीत नव्हते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी ते होळी इथे नाटकांचा हंगाम असतो. पूर्वी गावातलेच शेतकरी दंडार करायचे, खडी गंमत व्हायची. त्यातूनच पुढे पडदे लावून होणारे नाटक आले, आणि आता त्याचा पुरता धंदा झाला आहे. धंद्याची पेठ म्हणजे देसाईगंज, आपले वडसा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव. हंगाम आला की नाट्यकंपन्या इथे ऑफिस थाटतात, बाहेर बोर्ड लागतात आणि गावोगावच्या मंडळांचे लोक तारखा घ्यायला येतात. या रंगभूमीवर आयुष्य काढलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी 'झॉलीवूड' नावाचा सिनेमाही येऊन गेला. तरी नागपूरच्या पुढे गेले की "झाडीपट्टी म्हणजे काय गं?" हा प्रश्न ठरलेलाच.

नाटक आणि शंकरपट यांचे नातेही जुने. दिवसा बैलजोड्यांचा पट, रात्री नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, तेव्हा आता नाटकंही बसतील असे बाबांना वाटले होते. तसे झाले नाही. बैल नव्हते, पण पाहुण्यांना बोलवायला नाटकाचे निमित्त पुरले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले.

पैसा कोणाचा?

सिनेमात पैसा निर्माता लावतो. आपल्या नाटकात तो गाव लावतो, हे बऱ्याच तरुण पोरांना ठाऊकच नसते. कंपनी एका रात्रीचा ठराव करते आणि तेवढे पैसे मोजून घेते. पाऊस आला, गर्दी झाली नाही, तरी तिचा ठराव बदलत नाही. तिकीट विकायची जबाबदारी गावच्या मंडळाची. फायदा झाला तर मंडळाचा, आणि तोटाही मंडळानेच सोसायचा.

हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, प्रत्येक गावाचे वेगळे असतात. समजा कंपनीचा ठराव ६० हजारांचा झाला. कनात, खुर्च्या, पोस्टर, गाडीवरून पुकारा, परवानगीची धावपळ आणि कलाकारांचे जेवण मिळून आणखी २० हजार. झाले ८० हजार. तिकीट ८० रुपये धरले तर हजार तिकिटे विकली तेव्हा कुठे बरोबरी होते. १२०० विकली तर १६ हजार उरतात. आमच्या गावात अशा उरलेल्या पैशातून मंदिराचा ओटा झाला आहे, आणि सगळ्यांच्या लग्नात फिरते ते मोठे गंजही त्यातूनच आले. ८०० च विकली तर १६ हजार अंगावर. मग मंडळातले दहा-बारा जण ते आपसात वाटून भरतात. एका वर्षी बाबांनी असे भरले आणि आईला सांगितलेच नाही. आईला आधीच कळले होते, ती गोष्ट वेगळी.

तिकीट कशावर चालते? नाव कोणते, हिरॉईन कोण, मुंबई-पुण्याचा कोणी सिनेमातला नट आणला आहे का, हे सगळे असतेच. पण बाबा म्हणतात, सगळ्यात आधी पाहायचे ते धानाचे चुकारे आले का. केंद्रावर धान मोजून झाला, पण खात्यात पैसे पडले नाहीत, तर घरातल्या सहा माणसांची तिकिटे काढताना हात आखडतोच. आणि इथे नाटकाला एकटे कोणी जात नाही, घरच्या घर जाते. जावई, लेक, व्याही, त्यांची पोरं, सगळी. उडदाचे वडे तळायचे, जेवणावळ आटोपायची आणि चटया-चादरी घेऊन निघायचे. सोयरिकीची बोलणी याच दिवसांत होतात. माझ्या मावशीला नवऱ्याकडच्यांनी पहिल्यांदा पाहिले ते नाटकाच्या गर्दीतच. मावशी अजून चिडते, कारण तेव्हा ती डुलक्या घेत होती.

"एवढे ओरडून का बोलतात?"

आता माझी लाज सांगते. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर मी मैत्रिणींना आमच्या नाटकाचा एक व्हिडिओ दाखवला. एक बाई नवऱ्याच्या पायाशी पडून रडते असा प्रसंग. दोघी-तिघी खदखदून हसल्या. "अगं एवढे ओरडून का बोलतात? आणि मध्येच लावणी कुठून आली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मोबाईल उलटा ठेवला. त्यानंतर वर्षभर 'आमच्याकडे नाटकं असतात' हे वाक्य मी कोणाला बोलले नाही.

उत्तर मिळाले ते सुटीत, वडस्यातल्या एका कंपनीत ऑर्गन वाजवणाऱ्या ओळखीच्या काकांकडून. ते म्हणाले, "तू ते कुठे बसून पाहिले होते, सांग. हातातल्या मोबाईलवर ना? आम्ही ते हातासाठी नाही करत गा, शेवटच्या चटईसाठी करतो."

आमच्या गावात नाटकाची जागा शाळेमागे आहे. बसायची जमीन मंचाकडे खोल आणि मागे चढ, म्हणजे मागच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसते. तरी शेवटची रांग मंचापासून दूरच पडते. तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत. कॅमेरा जवळ नेऊन डोळ्यातले पाणी दाखवायची सोय नाही. म्हणून दुःख हातात, पाठीत आणि आवाजात आणावे लागते. वर टांगलेल्या माईकपर्यंत आवाज पोचवायचा असतो तो वेगळाच. तोच अभिनय सहा इंचांच्या पडद्यावर पाहिला तर आरडाओरडा वाटणार. त्यात नटांची चूक नाही, आपण तो चुकीच्या अंतरावरून पाहतो.

लावणीचेही तसेच. मंचावर वाड्याची झोपडी करायला वेळ लागतो. पडद्यामागे ठोकाठोक चालू असताना पडद्यापुढे नाच. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. परगावच्या पाहुण्याला मध्यरात्री थंडीत परत पाठवायचे कसे? उजाडले की तो आपला निघतो. एवढा वेळ लोकांना जागे ठेवायचे तर दोन-अडीच वाजता मंचावर विनोदी नट यावाच लागतो. नायक पुस्तकातली मराठी बोलतो, हा मात्र आपली झाडीबोली. त्याच दिवशी दुपारी गावात चहा पिताना ऐकलेली भानगड तो रात्री वाक्यात घालतो. आमच्या गावात त्याने बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीवरून सरपंचांना असा चिमटा काढला की सरपंचच आधी हसले. जंगलातला हत्ती, वाघ, रस्त्यातले खड्डे, सगळे त्याच्या तोंडी येते. हे कोणत्या संहितेत लिहिलेले नसते. पुढच्या गावात टाकी चालू असली तर हा विनोद बाद.

आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली. कलाकाराला पैसे 'नाईट'वर मिळतात. नाईट रद्द झाली तर त्या दिवसाची कमाई गेली. हंगामाबाहेर यातले बरेच जण शेतात, मजुरीवर असतात. आपण पोस्टरवर पाहतो तो खलनायक जुलैमध्ये कुठल्या तरी बांधीत रोवणीला उभा असू शकतो.

हे ऐकल्यावर मला वाटले, आता मैत्रिणींना पुरते दाखवायचे. झालेली फजिती भरून काढायची.

मी केलेली चूक

गेल्या मंडईत आमच्या गावचे नाटक मी मोबाईलवर लाईव्ह केले. थोडेसे नाही, दुसऱ्या अंकापासून जवळजवळ शेवटपर्यंत. मंचाच्या अगदी जवळ बसले होते, आवाज छान येत होता. मैत्रिणींपैकी एकीनेच पाहिले, तीही अर्धवट. बाकी पाहणारे सगळे आपल्याच भागातले. व्हिडिओ पेजवर तसाच राहिला आणि फिरत गेला.

पाच दिवसांनी तेच नाटक मामाच्या गावात होते. तीच कंपनी, तेच कलाकार. मामा तिथल्या मंडळाचा खजिनदार. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. रागावला नाही, तेच जास्त लागले. म्हणाला, "बाई, तुझा व्हिडिओ आमच्या गावात घरोघरी पाहिला लोकांनी. मारेकरी भाऊच निघते, हे पोट्ट्यांनी चौकात सांगून टाकले. तिकीट कायले काढतील?"

त्या रात्री गर्दी कमी होती ती फक्त माझ्या व्हिडिओमुळे, असे मी म्हणणार नाही. थंडी कडाक्याची होती, त्याच रात्री शेजारच्या गावात दुसरे नाटक होते, चुकारेही अडकले होते. मामाही तसेच म्हणाला. पण तोटा आला आणि तो भरणाऱ्यांत मामाही होता.

यावर माझा एक मित्र म्हणतो, हे थांबवता येणार नाही, जग मोबाईलवर गेले. खरे आहे. पण सगळेच व्हिडिओ सारखे नसतात. गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, विनोदी नटाचे एक वाक्य, पडदा उघडतानाची रोषणाई, हे फिरले तर गर्दी वाढते. कंपन्या स्वतःच असे तुकडे टाकतात. पुकाऱ्याच्या गाडीचे काम ते फुकटात करतात. नाटकाचे रहस्य आणि शेवट मात्र कंपनी हंगामभर गावोगाव विकत असते. तो फुटला की पुढच्या गावाचे पैसे बुडतात. मालिकेचा भाग कोणी आधी सांगितला तर आपण चिडतो, इथे तर शेजारच्या गावाचा खिसा असतो.

मोबाईलच्या रीलने दुसरेही काहीतरी बदलले आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. रीलमध्ये बसतो तो नाच. तीन अंकांचे कथानक त्यात मावत नाही. त्यामुळे काही मंडळांना वाटते, लोकांना नाचच हवा, मग नाटक कशाला, सरळ 'डान्स हंगामा' आणू. खर्च कमी, पोरांची गर्दी नक्की. आमच्याही बैठकीत हा विषय निघाला. तेव्हा एका आजीने ओट्यावरून विचारले, "मग मी लेकीले का सांगून बोलवू? हंगामा पाहाले ये म्हणू?" बैठक थोडा वेळ गप्प झाली. हंगाम्याला आया-बहिणी येत नाहीत, म्हणजे घरचे घर येत नाही. पाहुणे येत नाहीत आणि वडेही तळले जात नाहीत. पोरांची तिकिटे शंभर-दीडशे वाढतील, पण चटईवरची कुटुंबे गेली तर हजाराचा आकडा गाठणार कसा? हे मात्र मंडळाला हिशेबाने पटले. नाटकच आणायचे ठरले.

या वेळी आमच्या मंडळाने पोस्टरवर एक ओळ छापून घेतली आहे: गाणी खुशाल काढा, दुसऱ्या अंकानंतर मोबाईल खिशात ठेवा. मंचावरून ते सांगायचे काम माझ्याकडे दिले आहे. बाबा म्हणाले, चोराच्या हाती किल्ली दिलेली बरी.

माझा जुना व्हिडिओ मी काढून टाकला. मामाच्या गावचे नाटक यंदा पुसात आहे. मामा म्हणतो, तू कायले तिकीट काढतेस, माझ्यासंगे आत ये. मी दोन काढणार आहे, कारण हॉस्टेलमधली ती एक मैत्रीणही येते आहे. तिला मागच्या चटईवर बसवायचे ठरवले आहे.