अळंबीतल्या अळ्या
(इयत्ता चौथी)

आषाढात दोन-चार दिवस ढग गडगडले, पाऊस जमिनीत मुरला आणि मधेच उन्हाची तिरीप पडली की नालासोपारा आणि विरारच्या बाजारात अळंबी येते. आपले कळंब गाव समुद्राकाठी आहे. आपल्याकडे वाळू, सुरूची झाडे आणि वाड्या. त्यामुळे आमच्या घरी खायची अळंबी बाजारातूनच येते. ती पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून येते. तिथल्या आदिवासी बाया पहाटे उठून वारुळे शोधतात, अळंबी काढतात आणि सागाच्या पानांवर वाटे मांडून विकतात. वाटा काही स्वस्त नसतो. म्हणून घरी आणल्यावर एकेका अळंबीत अळ्या निघाल्या की आईचा जीव हळहळतो.

या अळ्यांचे काय करायचे, यावर आमच्या वर्गात भांडण झाले होते. काही जण म्हणाले, अळी दिसली की सगळी अळंबी फेकून द्यावी. काही जण म्हणाले, अळी काढायची आणि खायची, त्यात काय एवढं. आणि काही जण म्हणाले की अळी असली तर उलट चांगलंच, कारण अळी खाते म्हंजे अळंबी विषारी नाही. हे तिसरे बोलणे मोठी माणसेसुद्धा बोलतात. ते एकदम चूक आहे. का चूक आहे ते मी पुढे लिहिले आहे. पालकांनी तेवढे तरी वाचावे.

आधी अळी येते कुठून ते सांगते. चिलटासारख्या बारीक काळ्या माश्या असतात. त्यांना कुजके, ओले आणि बुरशीचे सगळे आवडते. अळंबी ही बुरशीच आहे. जमिनीखाली बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात आणि पाऊस पडला की त्यांच्यावर छत्री येते. छत्री म्हणजे झाडाला फळ लागावे तसे. माशी देठाच्या बुडाशी किंवा छत्रीखालच्या पातळ पात्यांमध्ये अंडी घालते. दोन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती पांढरी असते, तिला पाय नसतात. डोके मात्र काळे चकचकीत असते. नुसत्या डोळ्यांनी काळा ठिपका दिसतो, पण शाळेच्या विज्ञान पेटीतल्या भिंगातून बघितले तर ते डोके आहे हे नीट कळते. अळी देठात शिरते आणि बोगदा पोखरत वर वर जाते. म्हणून छत्री वरून गोरीपान दिसते आणि देठ आतून चाळणी झालेला असतो.

एका देठातल्या अळ्या मी फेकल्या नाहीत. काचेच्या बाटलीत ओली माती घेतली, तो देठ तिच्यावर ठेवला आणि तोंडाला जुन्या फडक्याचा तुकडा बांधला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी देठ काळा पडून पाणी सुटले. वास इतका आला की आजीने बाटली घरातून काढून पडवीत ठेवायला लावली. अळ्या दिसेनात. त्या मातीत गेल्या होत्या. मातीत त्या कोष करतात. दहाव्या दिवशी फडक्याच्या आतल्या बाजूला चार बारीक माश्या बसलेल्या होत्या. म्हंजे माशी, अंडे, अळी, कोष आणि परत माशी. आपल्या पुस्तकात फुलपाखराचे चित्र आहे, तसेच हे.

यावरून एक गोष्ट कळते. अळी म्हणजे घड्याळ आहे. जितक्या अळ्या मोठ्या आणि जास्त, तितकी अळंबी जुनी. काल उमललेल्या अळंबीत अळ्या नसतात किंवा अगदी बारीक असतात. तीन-चार दिवस उभी राहिलेली असेल तर पोखरलेली असते. म्हणून बाजारात घेताना कळ्या घ्याव्यात, म्हणजे छत्री अजून मिटलेली आहे अशा. सपाट उघडलेली, कडा फाटलेली अळंबी मोठी दिसते, पण तिच्यात अळ्यांचा वाटा जास्त आणि आपला कमी. आई आता विकणाऱ्या मावशींना सांगते, "मावशी, एक देठ मोडून दाखवा." त्या दाखवतात. देठ आतून पांढरा घट्ट असेल तर घ्यायची. भोके भोके असतील तर तो वाटा नको.

घरी आणताना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणू नये. पिशवीत वाफ धरते, अळंबी घामेजते आणि लवकर कुजते. ऊब मिळाली की अळ्यासुद्धा भराभर वाढतात. सकाळी एक अळी दिसली तर संध्याकाळी दहा दिसतात. पानात किंवा टोपलीत आणावी आणि त्याच दिवशी शिजवावी. फ्रीजमध्ये ठेवली तर अळ्या सुस्त होतात, मरत नाहीत.

आता साफ करायची रीत. आमच्याकडे हे काम मला आणि आजीला मिळते. आधी देठाचा मातीचा बुडखा कापून टाकायचा, कारण पुष्कळ अळ्या तिथूनच वर चढतात. मग प्रत्येक अळंबी उभी चिरायची. उभीच चिरायची, आडवी नाही. आडवी चिरली तर एखादेच भोक दिसते, उभी चिरली की सगळा बोगदा दिसतो. मग दोन लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे मीठ घालायचे आणि अळंबी त्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवायची. अळ्यांना खारे पाणी सोसत नाही आणि पाण्यात त्यांना श्वासही घेता येत नाही, म्हणून त्या वळवळत बाहेर येतात आणि तळाला पडतात. बघायला किळस येते पण मजापण वाटते. आजी त्या पाण्यात हळदही घालते. हळदीने अळी पळते असे ती म्हणते. माझ्या मते काम मिठाचे आहे, हळदीने फक्त आपली बोटे पिवळी होतात. पण आजीला तसे सांगता येत नाही.

पाण्यात तासभर ठेवू नये. अळंबी स्पंजासारखी पाणी पिते आणि चव जाते. आणि मिठाच्या पाण्याने सगळ्याच अळ्या बाहेर येतात असे नाही. काही बोगद्यातच मरतात. म्हणून चिरलेला तुकडा बोटाने उघडून बघावा लागतो. बोगदा एखादाच असेल आणि बाजूचा भाग पांढरा असेल तर तेवढे कापून काढावे. बोगदे तपकिरी पडले असतील, तुकडा लिबलिबीत लागत असेल, वास येत असेल, तर तो तुकडा टाकावा. तिथे हळहळू नये. अशा वेळी पोट बिघडते ते कुजल्यामुळे बिघडते, अळीमुळे नाही. चांगल्या अळंबीतली एखादी अळी चुकून शिजून पोटात गेली तर तिच्यात विष नसते. आजी श्रावण पाळते, तिला हे मुळीच पटत नाही. ती म्हणते, "विष नसेल गो, पण सामिष तर झालं ना!" म्हणून श्रावणात आमच्याकडे अळंबी दोनदा मिठाच्या पाण्यात जाते.

जास्त अळंबी मिळाली तर काही ठिकाणी ती वाळवून ठेवतात. पातळ कापून सुपात किंवा जाळीवर पसरली की सुकता सुकता उरलेल्या अळ्या आपणहून बाहेर पडतात, कारण त्यांना ओल लागते. पण आपल्याकडे पावसात ऊन कुठे असते? चुलीवर टांगावी लागेल. आम्ही वाळवत नाही, सुकटीसारखी वाट बघायला कोणाला धीर नाही.

आता ते महत्त्वाचे. अळी आहे म्हणून अळंबी विषारी नाही, हे का चूक आहे? कारण अळीचे पोट वेगळे आणि आपले वेगळे. बाईंनी आम्हाला एक माहिती वाचून दाखवली. अमेरिकेत १९८३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अळंबीवर जगणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या माणसाला मारणारे विष अन्नात असले तरी मजेत वाढतात. हे विष अमानिटा नावाच्या जातीतल्या काही अळंब्यांत असते. गोगलगायसुद्धा त्या अळंब्या खाते आणि तिला काही होत नाही. म्हणजे विषारी अळंबीलाही अळ्या लागतात. अळी फक्त एवढेच सांगते की अळंबी ताजी आहे की जुनी. विषाबद्दल अळी काहीच सांगत नाही.

चांदीचे नाणे काळे पडते, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, असल्या परीक्षाही खोट्या आहेत. त्या विषाने नाणे काळे पडत नाही. आणि ते विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही, मिठाच्या पाण्याने तर मुळीच जात नाही. २०२२ साली एप्रिल महिन्यात आसाम राज्यात जंगली अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. बरीचशी चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या घरांतली होती.

या विषाची लबाडी अशी की ते लगेच कळत नाही. सहा तासांनी, कधी कधी तर दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग मधेच थोडे बरे वाटते. लोकांना वाटते की आता सुटलो. पण तेव्हा आत यकृत खराब होत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर असे झाले तर बरे वाटले तरी दवाखान्यात जायचे, १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवायची आणि उरलेली अळंबी किंवा तिचे तुकडे डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यायचे. दुसरी एक मोठी पांढरी छत्री गवतावर उगवते. जून झाली की तिच्या पात्या हिरवट होतात. ती खाल्ली तर एक ते तीन तासांतच जोरात उलट्या होतात. मैदानाच्या कडेला असली छत्री दिसली तर तिला लाथ मारा, पण घरी नेऊ नका.

मग आम्ही खातो ती कोणती? ती वारुळाची अळंबी. वाळवी वारुळात खोल कुजक्या लाकडाची आणि पाल्याची स्पंजासारखी गादी करते आणि तिच्यावर ही बुरशी वाढवते. म्हणजे वाळवी शेतकरीच आहे. त्या गादीवरून अळंबीचा देठ मुळासारखा लांब वर येतो, म्हणून काढताना खणून काढावी लागते. छत्रीच्या मधे टोक असते. बटन अळंबीसारखी ही खोलीत पिकवता येत नाही, कारण तिला वाळवी लागते. आफ्रिकेतल्या झांबिया देशात हिचीच एक बहीण आहे, तिची छत्री एक मीटरपर्यंत रुंद होते. आमच्या फळ्यासमोर धरली तर अर्धा फळा झाकेल! तिच्यात किती अळ्या मावत असतील कोणास ठाऊक.

पण लांब देठ आणि टोक एवढेच बघून आपण ओळखायला जाऊ नये. आई ज्या मावशींकडून घेते त्या लहानपणापासून तीच वारुळे बघत आल्या आहेत. कोणते वारूळ, कोणता महिना, कोणता वास, हे सगळे मिळून त्या ओळखतात. एखादी वेगळी वाटली तर त्या स्वतःच बाजूला काढतात. ओळख आधी, ती त्यांची. अळ्या नंतर, त्या आमच्या.

साफ करून झाल्यावर अळंबी कांदा आणि ओले खोबरे घालून शिजवतात. पावसात अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ताजी मासळी कमी असते, तेव्हा हे कालवण फार गोड लागते. कापलेले बुडखे आणि पोखरलेले तुकडे आम्ही वाडीत नेऊन टाकतो. मिठाचे पाणी मात्र तिथे ओतत नाही, झाडाला मीठ चालत नाही. केळीच्या आळ्यात अळ्या गेल्या, असे म्हणून माझा धाकटा भाऊ हसत बसतो.