जोर संपला म्हणून नाणं खाली येतं का?

पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवायला घेते तेव्हा मी एक रुपयाचं नाणं वर उडवते आणि विचारते, हातातून सुटलेलं नाणं वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध तूर्त सोडून द्या. बहुतेक वह्यांत दोन बाण निघतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं : हाताचं बल. का, असं विचारलं की उत्तर येतं, 'हाताने दिलेला जोर आहे ना त्यात. तो संपला की नाणं खाली येतं.'

बाण एकच आहे, खालचा. हात नाण्याला टेकलेला असतो तेवढाच वेळ तो नाण्याला ढकलतो. सुटल्यावर नाण्याकडे उरतो तो वेग, आणि वेग म्हणजे बल नव्हे.

ही चूक ढ मुलं करतात, हा त्यावरचा दुसरा गैरसमज. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉन क्लेमेंट यांनी हाच नाण्याचा प्रश्न इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना घातला आणि १९८२ साली निष्कर्ष छापले. बहुसंख्य मुलांनी वरचा बाण काढला होता, आणि अभ्यासक्रम शिकून झाल्यावरही पुष्कळांच्या आकृतीत तो राहिला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस असंच मानत होता. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने याच कल्पनेला नीट सिद्धान्ताचं रूप दिलं : फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो, आणि तेच तिला पुढे नेतं. गाडा ओढणं थांबवलं की गाडा थांबतो, हे ज्याने आयुष्यभर पाहिलं त्याला असंच वाटणार. घर्षण दिसत नाही, ओढणारा दिसतो.

मराठीत तर आपली भाषाही या समजुतीला खतपाणी घालते. 'दार उघडत नाही, जोर लाव' म्हणताना जोर म्हणजे बल. 'गाडी जोरात चालली होती' म्हणताना तोच वेग होतो. 'चेंडूतला जोर गेला' यात संवेगाची छटा आहे. घरात याने काही बिघडत नाही. मेकॅनिक्समध्ये मात्र या एका शब्दाचे तीन तुकडे करावे लागतात, आणि ते करायचं हत्यार म्हणजे कॅलक्युलस.

म्हणूनच 'बारावीचंच सगळं, फक्त गणित अवघड केलंय' हे मला पटत नाही. नाणं सेकंदाला ५ मीटर वेगाने सुटलं असं धरा आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० घ्या. दर दशांश सेकंदाला वेग १ ने घटतो : ५, ४, ३, २, १, शून्य, उणे १, उणे २. वेगाचा आलेख काढला तर एक सरळ उतरती रेषा मिळते. ती शून्याला छेदते ते अर्ध्या सेकंदाला, नाणं सव्वा मीटर उंचीवर असताना. त्या क्षणी त्वरण किती? 'शून्य' हे उत्तर हमखास येतं, कारण नाणं तिथे 'थांबलेलं' असतं. पण त्वरण म्हणजे रेषेची उंची नव्हे, तिचा उतार. उतार सगळीकडे सारखाच आहे, शून्याला छेदतानाही. तिथे त्वरण खरंच शून्य झालं असतं आणि तसंच राहिलं असतं, तर नाणं हवेत लटकून राहिलं असतं.

अमुक क्षणीची गती, ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची 'तात्कालिकी गती' काढली. दिवसभराच्या सरासरी गतीवर त्यांचं भागत नव्हतं.

'माझं गणित कच्चं आहे, म्हणून मेकॅनिक्स जमत नाही' हेही मी दरवर्षी ऐकते. हे म्हणणारी मुलं अवकलन अनेकदा धडाधड करतात. अडतं ते त्याचा अर्थ वाचताना. उलट, कॅलक्युलसने पाठांतर कमी होतं. स्थिर त्वरण एकदा संकलित केलं की वेगाचं सूत्र हाती येतं, दुसऱ्यांदा केलं की अंतराचं. त्यातूनच सूत्रांची हद्दही कळते : त्वरण स्थिर नसेल तर ती लागूच नाहीत. स्प्रिंगला बांधलेल्या ठोकळ्याला ती लावणं ही पेपरात सर्रास दिसणारी चूक.

मग पेपरात चांगले मार्क पडले, म्हणजे तरी समजलं का? हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास हाच प्रश्न पडला. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते. बलाविषयीची साधी, आकडेमोड नसलेली चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? माझूर यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. आधी प्रत्येकाने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा. पुढे रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांमधल्या ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांचे अशाच चाचण्यांमधले आकडे १९९८ मध्ये मांडले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत, सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं सरासरी २३ टक्के भरून निघालं. मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. मी व्याख्यान मध्येच थांबवते ते यासाठी, पोर्शन मागे पडला तरी.

काढलेल्या प्रत्येक बाणाला एक प्रश्न विचारायचा : हे बल कोण लावतंय? देणारा सापडला नाही, तर बाण खोडायचा. नाण्यावरचा वरचा बाण असाच जातो. घाटात एसटी वळताना आपल्याला 'बाहेर फेकणारं' बलही जातं. रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर आपलं शरीर सरळच जाऊ पाहतं, बस वळते, आणि बसची बाजू आपल्याला आत ढकलते. बसमध्ये बसून हिशोब मांडायचा तर बाहेरच्या दिशेचं काल्पनिक बल जरूर घ्यावं, पण ते लावणारी वस्तू कुठेच नसते. ९,००० किलोचा ट्रक ४५० किलोच्या रिक्षेवर आदळला तर दोघांवरची बलं सारखीच असतात, फरक पडतो त्वरणात, तोही वीसपट. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, कारण दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. वजनाची जोडीदार म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला लावलेली ओढ.

सत्राच्या शेवटी मी पावसाचा थेंब घेते. २ किलोमीटर उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला बारावीचं सूत्र लावलं तर जमिनीशी वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर येतो, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. असा पाऊस छत्री फाडून आत आला असता. खरा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटरने पडतो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, त्वरण घटत जातं, आणि शेवटी वेग स्थिर होतो. आता थेंबावरचे दोन बाण काढा : खाली वजन, वर हवेचा विरोध. मोठा कोणता?

सत्र संपत आलेलं असतं, नाण्याचं उत्तर सगळ्यांना पाठ झालेलं असतं. तरीही थेंब खाली येतोय म्हणून पुष्कळजण खालचा बाण लांब काढतात. मग कुणीतरी वेगाच्या आलेखाचा आडवा झालेला भाग पाहतं, उतार शून्य आहे हे शेजाऱ्याला दाखवतं, आणि दोघंही खालचा बाण खोडून वरच्याइतकाच काढतात.