नदी एक, नावं दोन
टेक्सासच्या दक्षिण टोकाला, ऐन मेक्सिको सीमेवर सांता आना वन्यजीव अभयारण्य आहे. १९४३ साली स्थापन झालेलं, जेमतेम २,००० एकरांचं; पण पक्ष्यांच्या जाती ४०० च्या आसपास!

अशा ठिकाणी इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही बोलणारा रेंजर हवाच. समोरची नदी अमेरिकेत रिओ ग्रांदे, पलीकडे रिओ ब्राव्हो. इथे येणाऱ्या कुटुंबांत नातवंडांना हमिंगबर्ड कळतो, पण आजीच्या ओळखीचा असतो तो ‘चुपारोसा’, गुलाब चोखणारा. किती नेमकं नाव! रोडरनरसुद्धा स्पॅनिशमध्ये ‘कोर्रेकामिनोस’, रस्त्यांवर धावणारा. चाचालाका या पक्ष्याला मात्र भाषांतर लागत नाही. दोन्ही भाषांत तेच नाव, आणि पहाटे थवा कलकलाट करू लागला की तो ते स्वतःच ओरडून सांगतो.